मोजून दिलेले डिझेल : उद्यमनगरातील आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही दोघा भावांनी डिझेल इंजेक्शन पंप (इंजिनाला मोजून, दाबाने डिझेल पुरवणारा पंप) आणि नोझल (ते सिलेंडरमध्ये फवारणारी तोटी) यांच्या दुरुस्तीचे वर्कशॉप सुरू केले. थोरले बंधू आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका सर्व्हिस स्टेशनच्या पंप विभागात काम करीत होते आणि मी एका मशिन शॉपमध्ये टर्नर होतो. जागा भाड्याची, हत्यारे मोजकी आणि टेस्ट बेंच (पंप फिरवून तो किती डिझेल देतो ते मोजण्याचे यंत्र) जुना विकत घेतलेला, अशी ती सुरुवात होती. मात्र उद्यमनगर म्हणजे ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिने यांचीच वस्ती. शिवाय नदीकाठची उपशाची इंजिने, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, खडीचे ट्रक आणि क्रशर हे सगळे आसपासच असल्यामुळे कामाची वाण कधी पडली नाही.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरमालकांची रीघ लागे आणि त्यांतील बहुतेकांची मागणी एकच असे : “पंप वाढवून द्या.” दोन ट्रॉल्या भरून ऊस कारखान्यावर न्यायचा, वाटेत चढ, कच्चा रस्ता आणि ओढ्याचे उतार, अशा वेळी ट्रॅक्टरने मध्येच मान टाकू नये ही त्यांची गरज खरी होती. त्या काळी या मागणीवर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पंपाचे शिशाचे सील तोडायचे, जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू अंदाजाने सैल करायचा आणि धुराड्यातून काळा धूर निघाला की ताकद वाढली असे समजायचे. आम्ही हे काम त्या पद्धतीने करायचे नाही असे पहिल्यापासून ठरवले, आणि त्यामागे धंद्याच्या हिशेबापेक्षा पंपाच्या रचनेची समज अधिक होती. ती समज इथे थोडी विस्ताराने मांडतो, कारण आमच्या व्यवसायाची सगळी उभारणी तिच्यावरच झाली आहे.

एका रांगेत एलिमेंट बसवलेला, म्हणजे इनलाइन पंप, जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली. त्या पंपाचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक सिलेंडरसाठी एक प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचे बॅरल (नळकांडे), मिळून एक एलिमेंट; दोहोंमधील फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची, म्हणून ही जोडी एकमेकांशी कधी अदलाबदल करता येत नाही. कॅममुळे प्लंजरचा वर-खाली होण्याचा स्ट्रोक कायम तेवढाच राहतो. बदलतो तो प्रत्यक्ष डिझेल ढकलणारा भाग. प्लंजरवर तिरकी खाच कापलेली असते. रॅक (प्लंजर फिरवणारी पट्टी) सरकला की प्लंजर स्वतःभोवती फिरतो, खाच बॅरलच्या छिद्राशी लवकर किंवा उशिरा येते आणि त्यानुसार डिझेल कमी-जास्त जाते. ॲक्सिलरेटरचा पाय आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) हे दोघेही शेवटी हा रॅकच हलवीत असतात. पंप वाढवणे म्हणजे या रॅकला पूर्वीपेक्षा पुढे जाण्याची परवानगी देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता प्रमाणे पाहावीत. तीन सिलेंडरचे, सुमारे तीन लिटर क्षमतेचे आणि ५० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत पूर्ण लोडवर चालत असेल, तर त्याला तासाला साधारण ११ लिटर डिझेल लागते. हिशेब केला तर प्रत्येक स्ट्रोकला सुमारे ६० घनमिलिमीटर डिझेल जाते. म्हणजे पाण्याच्या एका थेंबापेक्षा थोडेसे जास्त. वजनात हे ०.०५ ग्रॅम होते. त्याच स्ट्रोकला एका सिलेंडरमध्ये येणारी हवा एक ग्रॅमपेक्षा थोडी कमीच असते, कारण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि हंगामात दुपारची हवाही तापलेली असते. म्हणजे एक भाग डिझेलला सुमारे १९ भाग हवा. कागदावर डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा भाग हवा पुरते. परंतु सिलेंडरमध्ये फवारा आणि हवा मिसळायला काही मिलिसेकंदच मिळतात, त्यामुळे टर्बो (जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनात हवा १८ भागांच्या आसपास आली की धूर सुरू होतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : उत्पादकाने ते इंजिन आधीच मर्यादेच्या जवळ आणून ठेवलेले असते. स्क्रू फिरवून दहा टक्के डिझेल वाढवले तर दहा टक्के ताकद मिळत नाही. थोडी मिळते, उरलेले डिझेल अर्धवट जळून काजळी होते, एक्झॉस्टचे तापमान चढते, आणि जळण लांबल्यामुळे पिस्टनचा माथा व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांच्यावर उष्णतेचा मारा होतो. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची मजबुती त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते. रिंगा चिकटणे, पिस्टन धरणे, हेड गॅस्केट फुटणे या तक्रारी ऐन हंगामात का येतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

म्हणून “पंप वाढवून द्या” म्हणणाऱ्या प्रत्येकाला आमच्या बंधूंचा पहिला प्रश्न असे : ताकद कमी पडते आहे, की कमी झाली आहे? हा फरक महत्त्वाचा आहे. आमच्याकडे आलेल्या बहुसंख्य पंपांत मूळची ताकदच हरवलेली असे. पंप टेस्ट बेंचवर चढवला, प्रत्येक लाइन ठरलेल्या लांबीच्या आणि ठरलेल्या आतील व्यासाच्या नळीने टेस्ट नोझलला जोडली, कॅलिब्रेशन ऑइलचे तापमान ४० अंशांवर आणले आणि हजार स्ट्रोकचे तेल काचेच्या नळ्यांत गोळा केले की पंपाची प्रकृती डोळ्यांसमोर उभी राहते. एका नळीत ६२ घनसेंटिमीटर, दुसरीत ५५, तिसरीत ५०, असे आकडे आम्ही वारंवार पाहिले आहेत. अशा इंजिनात पहिला सिलेंडर धूर काढतो आणि तिसरा त्याच्या जिवावर फिरतो. मालकाला धूर दिसतो आणि ओढ लागत नाही. स्क्रू आणखी सोडला तर पहिला सिलेंडर जळतो आणि तिसरा तरीही मागेच राहतो. झिजलेले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह (एलिमेंटच्या तोंडाशी असलेली झडप) बदलून, फेजिंग (प्रत्येक लाइन सुरू होण्यातील अंतर) जुळवून, तिन्ही लाइनमधील फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत आणला, नोझलचा उघडण्याचा दाब उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर बसवला आणि इंजिनावर पंप चढवताना टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) अंशाअंशाने तपासले, की तोच ट्रॅक्टर कोणताही स्क्रू न वाढवता चढ काढतो. अनेकदा तर दोष पंपात नसून चोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा डिझेल फिल्टरमध्ये सापडला आहे, आणि अशा ग्राहकाचा पंप आम्ही न खोलता परत दिला आहे.

गव्हर्नरच्या स्क्रूविषयी इथेच लिहिणे आवश्यक वाटते. काही जण डिझेलच्या स्क्रूऐवजी कमाल वेगाचा स्क्रू फिरवतात. त्याने ओढ वाढत नाही, इंजिन फक्त अधिक जोरात फिरते. कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २२०० फेऱ्यांचे इंजिन २५०० वर नेले तर ते सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलेली इंजिने उद्यमनगरात प्रत्येकाने पाहिली आहेत. गव्हर्नरच्या कमाल वेगाच्या सेटिंगला आमच्याकडे कोणीही हात लावत नाही, मग ग्राहक कितीही जवळचा असो.

मोजमापाचा हा आग्रह पुढे न्यायचा तर इंजिनाची प्रत्यक्ष ताकद मोजणे भाग होते. त्यासाठी आम्ही ट्रॅक्टरच्या पीटीओला (अवजारे फिरवण्यासाठी असलेल्या मागच्या दांड्याला) जोडता येणारा डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजण्याचे यंत्र, घेतला. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालांत प्रत्येक मॉडेलची पीटीओवरील कमाल ताकद आणि त्या वेळचा डिझेलचा खप दिलेला असतो. तो अहवाल आमच्या टेबलावरचा सर्वांत उपयोगी कागद ठरला, कारण ट्रॅक्टरने मुळात किती ताकद द्यायला हवी होती याबद्दल वाद उरत नाही.

ताकद खरोखर वाढवण्याचे पहिले मोठे काम आमच्याकडे एका खडी क्रशरच्या मालकाने आणले. त्यांचे सहा सिलेंडरचे, टर्बो नसलेले इंजिन जागेवर बसवलेले होते आणि दगड फोडणारा नवीन जबडा घेतल्यावर ते अपुरे पडू लागले होते. बंधूंनी त्यांना सांगितले, “आधी हवा वाढवू, मग डिझेल.” योग्य मापाचा टर्बो, त्याला तेल पुरवणारी स्वतंत्र लाइन, मोठा एअर फिल्टर आणि एक्झॉस्टमध्ये तापमान मोजणारा प्रोब आधी बसवला. त्यानंतर पंपात ९ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचे एलिमेंट घातले. व्यास एकाच मिलिमीटरने वाढला तरी क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तेवढेच डिझेल इंजिनाच्या फेऱ्याच्या कमी अंशांत आत जाते. हा लाभ महत्त्वाचा आहे, कारण केवळ रॅक पुढे ढकलून डिझेल वाढवले तर फवारा लांबतो आणि शेवटचे थेंब पिस्टन खाली उतरत असताना जळतात. गव्हर्नरवर बूस्ट कंपेन्सेटर चढवला. टर्बोचा दाब त्यातील लवचिक पडद्यावर (डायफ्रामवर) पडल्याशिवाय तो रॅकला पूर्ण पुढे जाऊ देत नाही, म्हणून लोड अचानक आल्यावर काळ्या धुराचा लोट उठत नाही. टायमिंग पुढे घेण्याचा मोह आम्ही टाळला, कारण टर्बोमुळे सिलेंडरमधील कमाल दाब आधीच वाढलेला असतो आणि त्या इंजिनात पिस्टनला खालून तेलाने थंड करण्याची सोय नव्हती. म्हणूनच डिझेल किती वाढवायचे हे धुरावर न सोडता तापमानावर ठरवले : टर्बोच्या आधी, सलग पूर्ण लोडवर ६५० अंशांच्या वर जायचे नाही. बेंचवर जेवढे देता आले असते त्यापेक्षा आम्ही कमी दिले. ते इंजिन नंतर अनेक वर्षे त्या क्रशरवर चालले आणि त्याच मालकांच्या सांगण्यावरून आमच्याकडे गगनबावड्यापासून जतपर्यंतची कामे आली.

याच्या उलट काम कोकणातून आले. ट्रकचे इंजिन मच्छीमार नौकेत बसवले की मालकाला वाटते, ट्रकमध्ये १२० अश्वशक्ती देणारे इंजिन समुद्रातही तेवढीच देईल. परंतु ट्रक चढावर काही मिनिटे पूर्ण लोड घेतो आणि उतारावर विसावतो. नौका मात्र तासन्‌तास एकाच लोडवर चालते. अशा इंजिनाचा पंप कमी करून देणे हेच योग्य असते. रत्नागिरीकडील नौकामालकांना हे पटवणे सोपे नव्हते. प्रोपेलरचे माप इंजिनाला जुळवून घेतल्यावर, डिझेल कमी करूनही नौकेचा वेग फारसा घटत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

रस्त्यावरच्या वाहनांबाबत आमचे धोरण वेगळे आणि कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच अर्थाला दुजोरा दिला आहे. धुराची मर्यादाही आहेच : बीएस-४ (भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे मानक) पूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी ६५ हार्ट्रिज एकके (धुराची दाटी मोजण्याचे एकक) आणि बीएस-४ साठी ५०. त्यामुळे नोंदणीकृत ट्रक, जीप किंवा ट्रॅक्टर आला तर आम्ही त्याचा पंप उत्पादकाच्या कॅलिब्रेशन तक्त्यावर आणतो आणि तिथेच थांबतो. रस्त्यावरच्या काळ्या धुरात शाळकरी मुले आणि दुचाकीस्वार श्वास घेतात, ही गोष्ट आम्हाला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते. या धोरणामुळे हंगामात काही ग्राहक दुसरीकडे जातात, आणि ते आम्ही मान्य केले आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले आणि रस्त्यावरच्या नव्या डिझेल वाहनांत कॉमन रेलशिवाय (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेशिवाय) दुसरे काही उरले नाही. तिथे पंप फक्त दाब तयार करतो. किती डिझेल, केव्हा आणि किती तुकड्यांत द्यायचे ते संगणक ठरवतो. माझ्या पुतण्याने त्या प्रशिक्षणासाठी वेळ दिला, आम्ही कॉमन रेल इंजेक्टरचा बेंच कर्जाने घेतला आणि धूळविरहित खोली बांधली, कारण दीड-दोन हजार बारच्या दाबाखाली धुळीचा एक कणही इंजेक्टर निकामी करतो. जुने काम मात्र संपलेले नाही. ५० अश्वशक्तीपर्यंतच्या बहुतेक ट्रॅक्टरवर यांत्रिक पंप आहेत आणि शेतातील, विहिरीवरील, क्रशरवरील हजारो जुनी इंजिने त्यांच्यावरच चालतात. एलिमेंट बोटाने फिरवून त्याची झीज ओळखणारे हात मात्र कमी होत चालले आहेत, म्हणून आम्ही दरवर्षी आयटीआयच्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतो आणि त्यांना सुरुवातीचे महिने फक्त धुणे, मोजणे आणि वहीत लिहिणे एवढेच देतो.

प्रत्येक पंपाची आधीची आणि नंतरची नोंद असलेला कागद आजही ग्राहकाला बिलासोबत मिळतो आणि त्याची प्रत आमच्याकडे राहते. ट्रॅक्टरमालकांना विनंती अशी आहे की त्यांनी पंप दसऱ्यापूर्वी आणावा, सोबत सर्व नोझल आणि शक्य असल्यास शेवटचा कागद आणावा, आणि ट्रॅक्टर नेमका कोणत्या चढावर, कोणत्या गिअरमध्ये, किती वजनाला मंदावतो ते सांगावे. बेंचवर पंप चढवण्यापूर्वी आम्ही ही माहिती आधी विचारतो.