जीव्जची बदली

दिवाळीच्या साफसफाईत आईने बाबांचा राखाडी स्वेटर बोहारणीला देऊन टाकला. स्वेटर, दोन पँटी आणि एक विरलेली चादर यांच्या बदल्यात स्टीलचा झारा मिळाला. बोहारीण आधी डावावरच अडून बसली होती, पण आईने जिन्यात ठाण मांडून तिला झाऱ्यापर्यंत आणलं. स्वेटरच्या उजव्या कोपराला भोक होतं आणि पेपर वाचताना बाबा त्यात डाव्या हाताचं बोट घालून बसायचे. तो गेल्यावर घरात भडका उडणार, याची आईने जय्यत तयारी ठेवली होती. "अहो, त्यातून पलीकडची भिंत दिसायची" पासून "बँकेतून रिटायर झालात, तिथून पळून नाही आलात" पर्यंत सगळे मुद्दे तिचे पाठ होते.

बाबांनी काही विचारलंच नाही. दोन दिवस गेले, चार गेले. आई झारा त्यांच्यासमोर वाजवूनही गेली. बाबा गच्चीतल्या दुधीच्या काळजीत होते. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा ब्रशाने नराचं पराग मादी फुलावर लावावं लागतं आणि त्या आठवड्यात मादी फुलंच येत नव्हती.

मला वाटलं, या माणसाकडे जीव्जला नोकरीला ठेवलं तर त्याचं काय होईल?

जीव्जला आपल्याकडे सर्रास बटलर म्हणतात. तो बटलर नव्हे. बटलर घराचा असतो, जीव्ज एका माणसाचा. संस्थानिकांच्या पदरी हुजऱ्या असे, त्याच्याशी याचं नातं लावता येईल. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसच्या गोष्टींत जीव्जचा मालक म्हणजे लंडनला राहणारा बर्टी वूस्टर, पैसा भरपूर आणि अक्कल जेमतेम. बर्टी काहीतरी भयंकर खरेदी करतो. जांभळे मोजे, पांढरं मेस जॅकेट, एखादी हॅट. जीव्जची भुवई पाव इंच वर जाते. मग बर्टी एखाद्या नको त्या मुलीशी लग्न ठरवून बसतो, नाहीतर आत्या बोलावणं धाडते. जीव्ज त्याला त्यातून सोडवतो आणि सुटकेची किंमत म्हणून ते कापड घरातून जातं. बोहारणीचाच व्यवहार म्हणायचा, फक्त बर्टीचे कपडे नवेकोरे असतात.

जीव्ज नोकरीला लागतो ती गोष्ट १९१६ ची. तिच्या शेवटी बर्टी मन घट्ट करून सांगतो, तो चौकड्यांचा सूट देऊन टाक कोणाला तरी. जीव्ज आभार मानतो आणि म्हणतो, तो कालच रात्री धाकट्या माळ्याला दिला. मी ही गोष्ट आईला वाचून दाखवली तेव्हा ती हसली नाही. "बरोबरच केलं त्याने," म्हणाली.

आता बाबांसारखा माणूस वुडहाउसच्या जगात शोधायला लांब जावं लागत नाही. श्रॉपशायरमधल्या ब्लँडिंग्ज कॅसलचा मालक लॉर्ड एम्सवर्थ, हुद्द्याने अर्ल, म्हणजे बडा उमराव. अंगात कोपरांशी विरलेला शिकारीचा जुना कोट, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा आणि डोक्यात एकावेळी एकच विषय. सुरुवातीला तो विषय भोपळा होता, पुढे एम्प्रेस नावाची काळी बर्कशायर डुकरीण आली आणि भोपळा मागे पडला. गंमत म्हणजे एम्सवर्थ आणि जीव्ज जन्मले एकाच वर्षी, १९१५ मध्ये, आणि एकाच अमेरिकन साप्ताहिकात, सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये. उन्हाळ्यात एम्सवर्थची कादंबरी क्रमशः छापून झाली, सप्टेंबरात जीव्ज दोन वाक्यं बोलून गेला. इतके सख्खे शेजारी, पण लेखकाने एकाची चाकरी दुसऱ्याकडे लावून दिली नाही. का, ते मी स्वतःच्या मनाने शोधायचं ठरवलं.

आधी वुडहाउसच्याच इतर पात्रांची घरं पाहून घेतली. युक्रिजकडे पाठवण्यात अर्थ नाही. पिवळा रेनकोट आणि जिंजर बिअरच्या बाटलीच्या तारेने कानाला बांधलेला चष्मा, हे रूप जीव्ज एकवेळ सहन करील. पण युक्रिज पहिल्याच दिवशी त्याच्याकडून पैसे उसने घेईल आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बोलर हॅट गहाण टाकेल. अंकल फ्रेडला हुजऱ्याची गरजच नाही, तो स्वतः इतरांचे घोटाळे आवडीने वाढवतो. बर्टी नसलेल्या घरात जीव्ज खुद्द वुडहाउसनेही एकदा पाठवून पाहिला. १९५३ च्या एका कादंबरीत बर्टी मोजे रफू करायला शिकवणाऱ्या शाळेत गेलेला असतो आणि जीव्ज एका तरुण अर्लकडे. पुस्तक वाईट नाही. पण चहात साखर आहे, आलं घालायचं राहिलंय, असं वाटत राहतं.

तर ब्लँडिंग्ज. बदलीचा हुकूम निघाला, जीव्ज बॅग घेऊन मार्केट ब्लँडिंग्जच्या स्टेशनवर उतरला.

माडीखालच्या, म्हणजे नोकरांच्या, जगात त्याचं छान जमेल. तिथली उतरंड कोणत्याही सरकारी कचेरीला लाजवील अशी असते. मालकाचा जो हुद्दा तोच नोकराचा, आणि जेवायलाही त्याच क्रमाने जायचं. जीव्ज खुद्द अर्लचा माणूस, म्हणजे मान मोठा. बटलर बीच त्याच्यापुढे पोर्ट वाइन ठेवील आणि आपल्या पोटाच्या अस्तराची हकीकत सांगेल. हे अस्तर बीचच्या बोलण्यात फार असतं. दोघांचं दुःखही एकच निघेल. मागे एकदा एम्सवर्थने दाढी वाढवली होती, तेव्हा बीचने नोकरी सोडायचं ठरवलं होतं. दाढी गेली ती वेगळ्याच कारणाने, पण बीचची निष्ठा कळली.

खरी अडचण माडीवर आहे. जीव्जच्या बायोडेटामध्ये लॉर्ड वर्पल्सडनचं नाव आहे. ती नोकरी त्याने सोडली, कारण मालक संध्याकाळच्या पँटवर फ्लॅनेलचा शर्ट आणि शिकारीचा कोट घालून जेवायला बसायचा. म्हणजे एम्सवर्थकडे पहिल्या जेवणालाच राजीनामा. पण आपण असं धरू की लेडी कॉन्स्टन्सने, म्हणजे एम्सवर्थच्या बहिणीने, पगार दुप्पट केला आणि जीव्ज एक महिना टिकायला तयार झाला.

पहिली सकाळ. जीव्ज चहा घेऊन आत येतो. एम्सवर्थ त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, "तुम्ही जनावरांचे डॉक्टर का?"

"नाही, माय लॉर्ड. मी जीव्ज."

"हां हां. बीव्हज. ती नीट जेवली का?"

ती म्हणजे एम्प्रेस. जीव्ज हे नाव वुडहाउसने वॉरविकशायरच्या पर्सी जीव्ज नावाच्या गोलंदाजावरून घेतलं. १९१३ मध्ये चेल्टनहॅमला त्याचा खेळ पाहिला होता, ते नाव मनात राहिलं होतं. १९१६ मध्ये तो गोलंदाज पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारला गेला. नाव मात्र गाजत राहिलं. ब्लँडिंग्जला त्याचं महिनाभरात बीव्हज, रीव्हज, क्लीव्हज असं सगळं होईल. बर्टी "जीव्ज!" अशी हाक मारतो, तेव्हा त्यात बुडत्याचा आवाज असतो. एम्सवर्थ बुडत नाही. त्याला पाणीच दिसत नाही.

समजा एम्प्रेसने खाणं सोडलं. रोजच्या ५७,८०० कॅलरी तशाच कुंडात पडून आहेत आणि श्रॉपशायरचं प्रदर्शन तोंडावर आलंय. पहिल्या भेटीत बर्टीची रात्रीची उतरवायला दिलेलं औषध, कच्चं अंडं, वूस्टर सॉस आणि लाल तिखटाचं, जीव्ज डुकरिणीला पाजणार नाही. तो माणसाचा स्वभाव ओळखून चालतो, तसा डुकरिणीचाही ओळखेल. तिला सांभाळणारा गडी दारू पिऊन तुरुंगात गेलाय आणि त्याची ओळखीची हाळी कानावर पडत नाही म्हणून ती रुसली आहे, हे त्याला दुपारपर्यंत कळेल. मूळ गोष्टीत हे अमेरिकेहून आलेल्या एका तरुणाला कळतं. जीव्ज तशी हाळी घालायला माणूस उभा करेल, आपण स्वतः घालणार नाही. एम्प्रेस खायला लागेल.

आता किमतीची वेळ. जीव्ज खाकरतो. "माय लॉर्ड, आपला तो कोट..."

"घ्या, घ्या," एम्सवर्थ म्हणतो. या क्षणी तो किल्लासुद्धा देऊन टाकील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट त्याच्या अंगात असतो. त्याने शब्द मोडला असं म्हणता येत नाही, शब्द दिल्याचं त्याला आठवतच नाही. जीव्जसमोर हे संकट आधी कधी आलेलं नाही. बर्टी हट्ट करतो, चिडतो, रुसतो, आणि शेवटी हार मानताना त्याला हार समजते.

तेव्हा जीव्ज जुना उपाय काढतो. रात्री कोट धाकट्या माळ्याला देतो आणि सकाळी खुर्चीवर नवा, लंडनहून शिवून आणलेला कोट ठेवतो. एम्सवर्थ तो निमूट घालतो. जीव्जच्या चेहऱ्यावर ओठांचा एक कोपरा हलल्यासारखा होतो. संध्याकाळी डुकरिणीच्या कुंपणापाशी एम्सवर्थला कोणीतरी उभा दिसतो. कोपरं विरलेला, खिशात दाण्यांचा चुरा भरलेला कोट घातलेला एक समंजस माणूस. एम्प्रेस त्याच्या खिशाला नाक लावतेय. माळी बिचारा घाबरतो, पण एम्सवर्थ त्याच्याशी पाऊण तास व्हिफलच्या डुक्करपालनाच्या ग्रंथावर बोलतो. घरच्या माणसांशी तो पाऊण मिनिट बोलत नाही. शेवटी म्हणतो, "कोट फार छान आहे तुमचा. बदलायचा का?"

रात्रीच्या जेवणाला अर्ल आपल्या कोटात आणि बागेत माळी लंडनच्या कोटात. जीव्ज बीचच्या खोलीत जातो, पोर्टचा दुसरा ग्लास मागतो. बीच सांगतो की असा प्रसंग त्याने आधी पाहिलेला नाही.

महिना संपतो, जीव्ज नोटीस देतो. एम्सवर्थ म्हणतो, "छान, छान." त्याला वाटतं हा माणूस डुकराचं बिल घेऊन आलाय.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान यानंतरचं. हा महिना कोण सांगणार? जीव्जच्या बहुतेक गोष्टी बर्टी सांगतो. एकदाच, १९२२ मध्ये, जीव्जने स्वतः एक सांगितली आणि ती वाचताना कळतं की तो स्वतःविषयी किती कमी बोलतो. तो किती थोर आहे हे आपल्याला बर्टीच्या तोंडून कळलं. हरलेल्या माणसाने दर वेळी टोपी काढून सांगितलं, की बघा, मला कसं हरवलं. एम्सवर्थकडे तो हरला काय आणि जिंकला काय, नोंद शून्य. आईचा झारा तसाच वाजत राहिला, ते यामुळेच.

दुधीला पुढे मादी फुलं आली, दोन फळं धरली. एकाची आईने भाजी केली, दुसरं बाबांनी बियांसाठी वेलावरच ठेवलं. जानेवारीत थंडी पडली. आई कांदाभजी तळत होती, बाबा ओट्याशी येऊन उभे राहिले आणि हाताने कोपर चोळत म्हणाले, "अगं, माझा राखाडी स्वेटर लाँड्रीत गेलाय का?"

आईच्या हातात झारा होता. मुद्दे पाठ होते, तीन महिने जपून ठेवलेले. तिने भजी निथळून कागदावर घातली.

"हो," ती म्हणाली, "येईल दोन दिवसांत."

बाबा एक भजं उचलून गच्चीत गेले.