व्हाइटहेवनला टॅक्सी करू नका!

“गावातली मॅच आहे रे, स्टेशनवरून चालत जाशील.” उत्तर इंग्लंडातली हौशी रग्बी लीग बघायची म्हटल्यावर ऑफिसातल्या एका गृहस्थाने हे ठोकून दिलं. हा माणूस सगळीकडे स्वतःच्या गाडीने जातो. गाडीवाल्याला अंतर विचारू नये, आणि विचारलंच तर त्याने सांगितलेल्या आकड्याची तिप्पट करावी.

आधी थोडं लीगबद्दल. नॅशनल कॉन्फरन्स लीग ही इंग्लंडातल्या हौशी क्लबांची मोठी लीग. प्रीमियर आणि त्याखाली क्रमांकाचे डिव्हिजन आहेत. हल, यॉर्क, हॅलिफॅक्स, कॅसलफर्ड, विगन, सेंट हेलेन्स आणि कंब्रियाचा किनारा हा तिचा मुलूख. गंमत अशी की रग्बी लीग हा रग्बीतून फुटून निघालेला खेळच मुळात पैशांच्या भांडणातून जन्मला. खाणी-गिरण्यांतल्या कामगारांची शनिवारी खेळताना मजुरी बुडायची आणि तिची भरपाई द्यायला रग्बीचे कारभारी तयार नव्हते. म्हणून 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. आज त्याच गावांतली पोरं आठवडाभर नोकरी करून शनिवारी फुकटात हाडं मोडून घेतात.

आता मुद्द्याचं. कंब्रियातल्या वॉथ ब्राउ हॉर्नेट्स या क्लबचं मैदान क्लीटर मूर गावाजवळ आहे आणि क्लीटर मूरला रेल्वे नाही. लोखंडाच्या खाणी होत्या तेव्हा होती, आता त्या रुळांच्या जागी सायकलची वाट आहे. म्हणजे उतरायचं व्हाइटहेवनला. तिथे कार्लाइलवरूनच या. लँकेस्टर-बॅरोवरून येणारा किनाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे असं सगळे सांगतात. सुंदर आहेच, पण गाडी प्रत्येक झुडपापाशी थांबते आणि मॅच अडीचला सुरू होते. कार्लाइलकडूनही शेवटी पार्टनच्या पुढे एकेरी रूळ, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे गाडी रांगतेच. तेवढा वेळ हिशेबात धरा.

स्टेशनबाहेर एक टॅक्सीवाला उभा होता. “मॅचला? पंचवीस पौंड, फिक्स.” मीटर होता, पण त्यावर जॅकेट टाकलेलं. पाऊस, उशीर आणि हातात पिशवी असा माणूस कसा ओळखायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सात-आठ किलोमीटरला पंचवीस! मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना आकडा सांगितला, तर ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला. निम्म्यात यायला हवं होतं म्हणे. इंग्लंडात बहुतेक बसना जानेवारी 2025 पासून एका फेरीला जास्तीत जास्त 3 पौंड पडतात. आणखी काय बोलणार?

परतताना मी ठसक्यात ठरवलं, टॅक्सीला एक पेनी देणार नाही, चालत जाईन. ही जुन्या रेल्वेची वाट मूर रो गावावरून व्हाइटहेवनच्या कॉर्किकल भागात उतरते. उतारच आहे, चुकायला जागा नाही, गाड्यांचा त्रास नाही. कागदावर सगळं झकास. पण तोंड पश्चिमेला, आणि आयरिश समुद्रावरचा वारा सरळ थोबाडावर. पाऊस आडवा येतो, छत्री दोन मिनिटांत उलटते, दोन्ही बाजूंना झाडी असली तरी तिचा उपयोग शून्य. जॅकेट चांगलं होतं, पण बुटात पाणी गेलं ते गेलंच. मूर रोच्या पुढे तर मी मोठ्याने शिव्या देत चालत होतो, ऐकायला मेंढ्याच होत्या. ट्रेकची सवय असलेल्याला हे अंतर म्हणजे काहीच नाही, ते वारं मात्र सहन होत नाही. तेव्हा जाताना चालत जा: थोडा चढ आहे, पण वारा पाठीत. येताना बस. उलटं करू नका.

आणि मॅच? सगळं वसूल. स्टँड वगैरे काही नाही, मैदानाभोवती कठडा आणि कठड्याला टेकलेलं गाव. तेरा-तेरा जणांचा खेळ, सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्याला. कबड्डीत चढाईवाल्याला धरून खाली घेतात ना, तसंच, फक्त इथे धरणारे तिघे आणि एकेक शंभर किलोचा. माझ्यापासून दोन हातांवर एक प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, पडला. कानावरची पांढरी पट्टी सुटून लोंबत होती. उठला, चेंडू जमिनीवर ठेवला, टाचेने मागे सरकवला, मग पट्टी ओढून फेकली आणि पळाला. कठड्यावरून एक बाई ओरडली, “ती उचलायची कोणी?” मागचे सगळे हसले, म्हणजे आईच असावी. व्यावसायिक मॅचची महागडी तिकिटं काढून मी हे इतक्या जवळून कधी पाहिलेलं नाही.

बाकीच्या क्लबांपैकी सिडल, म्हणजे हॅलिफॅक्स. स्टेशन दरीत, मैदान वर टेकडीवर. चढ छातीत भरतो, पण अंतर थोडं. हलला सगळं सपाट, बस मुबलक, सांगण्यासारखं काही नाही.

खाण्याचं: पाय (pie, म्हणजे आत मांस भरून भाजलेली पेस्ट्री) आणि वाटाणे, यॉर्कशरमध्ये त्यावर पुदिन्याच्या चटणीसारखा आंबट सॉस. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याचा पाय आहे का ते आधी विचारा, नाहीतर चिप्सवर दिवस काढावा लागेल. डबा न्या, कोणी काही म्हणत नाही. गेटसाठी सुटे पैसे ठेवा. 2012 पासून ही लीग उन्हाळ्यात खेळतात, पण कंब्रियात उन्हाळा या शब्दावर विसंबू नका. मॅचची वेळ आणि जागा क्लबच्या पानावर शुक्रवारी रात्री पुन्हा बघा. आणि ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट परतीसाठी काढू नका. ऐंशी मिनिटं, मधली सुट्टी, जखमांचे खोळंबे धरून सव्वाचार होतात, त्यानंतर क्लबहाउसमधून लवकर बाहेर कोणी पडू देत नाही.