तुम्ही विचारलेत म्हणून : परदेशात गेल्यावर तिथलाच नंबर कशासाठी?

परदेशी निघालेले नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी मला हमखास विचारतात, की फोनसाठी कुठले कार्ड घ्यावे, आणि त्या देशात उतरल्यावर तिथलेच, बोलण्याची सोय असलेले प्रीपेड कार्ड पासपोर्ट दाखवून घ्या, असे मी म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "अहो, पण घरबसल्या ई-सिम मिळत असताना हा खटाटोप कशाला?" मुलगा हेच विचारतो, भाचा विचारतो, आणि विचारताना त्यांच्या स्वरात जी समजूत घालण्याची छटा असते, ती मला आता सहन होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ई-सिम, म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम, वाईट आहे असे मी कधीच म्हटलेले नाही. नकाशा पाहणे, गाडी बोलावणे, घरी व्हिडिओ कॉल करणे या सगळ्यासाठी ते उत्तम आहे. परंतु प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सिमांमध्ये फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो. म्हणजे आपण जगाशी बोलू शकतो, पण आपण ज्या गावात उभे आहोत त्या गावातल्या माणसाला साध्या फोनवरून आपल्याला गाठता येत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला म्युनिकमध्ये कळला.

त्या प्रवासात आमच्या फोनमध्ये युरोपभर चालणारे डेटाचे ई-सिम होते आणि भारतातले कार्डही रोमिंगसह चालू होते. रात्री जेवण झाल्यावर माझ्या यजमानांच्या छातीत दुखू लागले. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीने 112 लावला, रुग्णवाहिका लगेच आली, आणि रुग्णालयात त्यांना तडक आत नेले. बऱ्याच वेळाने एक परिचारिका बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, की आता प्रकृती स्थिर आहे, तुम्ही हॉटेलवर जाऊन विश्रांती घ्या, काही लागले तर आम्ही फोन करू. तिच्या हातातल्या फॉर्मवर दूरध्वनीसाठी एक चौकट होती. मी माझा भारतातला नंबर सांगितला. तिने तो लिहून घेतला आणि खात्रीसाठी माझ्यासमोरच टेबलावरच्या फोनवरून शून्य-शून्य-नऊ-एक असा फिरवायला सुरुवात केली. नऊ-एक दाबेपर्यंतच फोनमधून एकसुरी आवाज येऊ लागला. तिने रिसीव्हर माझ्या कानाजवळ धरला, म्हणजे मलाही ऐकू यावे. त्या विभागातल्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे. "इथला नंबर नाही का?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्या हातातल्या फोनवर डेटाच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसत होत्या.

अखेरीस तिने हॉटेलचा नंबर लिहून घेतला. आमचे हॉटेल लहान होते आणि रात्री उशिरा स्वागतकक्ष बंद झाला की तिथले फोन निरोप घेणाऱ्या यंत्रावर जात असत, हे मला पहाटे समजले. मधल्या वेळात मी भारतातल्या कार्डावरून रुग्णालयाच्या मुख्य नंबरावर पुन्हा पुन्हा फोन केला. दर वेळी जर्मन भाषेतल्या ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येत आणि काही वेळाने फोन तुटे. पहिल्या ट्रामने मी तिथे पोहोचले, तेव्हा डॉक्टरांचे पहिले वाक्य होते, की आम्ही तुम्हाला रात्री शोधत होतो. पुण्यात पूर्वी एका तपासणीच्या वेळी ह्यांना कुठल्यातरी इंजेक्शनने अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता. ते ह्यांना आठवत होते, पण औषधाचे नाव आठवत नव्हते. नाव मला पाठ होते. प्रकृती स्थिर असल्यामुळे डॉक्टरांनी धोका न पत्करता अँजिओग्राफी सकाळवर ढकलली होती, आणि हे रात्रभर छातीला तारा लावलेल्या अवस्थेत, बायको फोन का उचलत नाही याचा विचार करत जागे होते.

हे सांगितले, की मुलगा म्हणतो, "आई, बाबा बरे झाले ना? मग त्या नंबराने असा काय फरक पडला असता?" त्याचे म्हणणे खोटे नाही. उपचार तेच झाले असते आणि निष्पत्तीही बहुधा तीच असती. पूर्वी मीही असेच म्हणत असे, की व्हॉट्सअ‍ॅप आहे, हॉटेलात वायफाय आहे, मग नंबर हवा कशाला. आणि धडधाकट माणसांच्या आठ दिवसांच्या सहलीपुरते ते मत मला आजही अवाजवी वाटत नाही. पण एका प्रश्नाच्या उत्तरासाठी एखाद्याला रात्रभर ताटकळत राहावे लागणे, ही गोष्ट मी फरकाच्या हिशेबातून वगळू शकत नाही.

आता खटाटोपाविषयी. तो आहे, हे मान्य. जर्मनीत 1 जुलै 2017 पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड कार्ड चालू होत नाही, त्यामुळे किराणा दुकानातून पाकीट विकत घेऊन भागत नाही. दुकानात, पोस्टाच्या खिडकीवर किंवा व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवावा लागतो. मोबाइल कंपनीच्याच दुकानात जाऊन, नंबर चालू झाल्याची तिथेच खात्री करून बाहेर पडणे मला सोयीचे वाटते. एकदा ते झाले, की 15 जून 2017 पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या रोमिंग नियमामुळे तेच कार्ड संघाच्या इतर देशांत, शिवाय नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनमध्ये, मर्यादित वापरापर्यंत जादा पैसे न पडता चालते. आपल्याकडच्या सहलींचा घोटाळा होतो तो स्वित्झर्लंडमध्ये, कारण तो देश या नियमात नाही. पॅरिसमध्ये घेतलेल्या कार्डाच्या योजनेत स्वित्झर्लंडचे नाव स्पष्ट छापलेले असेल, तरच ते तिथल्या टिटलिस पर्वतावर उपयोगी पडेल. ब्रिटनसाठीही हेच पाहावे.

अमेरिकेत कार्डाआधी आपला फोन तपासावा लागतो. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केल्यापासून साधे बोलणेदेखील फोरजीवरूनच होते, आणि आपल्याकडून नेलेल्या हँडसेटवर त्या कंपनीची ही सोय चालत नसेल, तर डेटा मिळूनही फोन लागत नाही. जपानमध्ये पर्यटकांसाठी विमानतळावर मिळणारी कार्डे बहुतांशी फक्त डेटाची असतात. म्हणजे माझा सल्ला तिथे लंगडा पडतो, आणि तिथे मी मुक्कामाच्या हॉटेलात रात्रीही फोन उचलणारा माणूस असतो का, हे आधी विचारून ठेवते.

राहिले भारतातले कार्ड. ते काढून पाकिटात ठेवा, असे मी कुणालाही सांगत नाही. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, यूपीआय त्याच कार्डाशी बांधलेले असते. म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे, त्या कार्डाचा डेटा बंद ठेवावा आणि त्यावर आलेला फोन उचलण्याआधी दराचा विचार करावा. नव्या कार्डामुळे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडेल, ही भीती मात्र निराधार आहे. नंबर बदलण्याबद्दल त्याने विचारले, तर जुनाच कायम ठेवायचा.

मुलाची एक हरकत मात्र मला खोडून काढता आलेली नाही. तो म्हणतो, की तू रुग्णालयात, हॉटेलात, गाडीवाल्याकडे देऊन येतेस तो नंबर मुदत संपली की बंद होतो आणि कालांतराने दुसऱ्याच कुणाला दिला जातो. मग नंतर आलेला तपासणीचा अहवाल किंवा बिलासंबंधीचा फोन कुणाकडे जाणार? हे खरे आहे. म्हणून अलीकडे मी फॉर्मवर तिथल्या नंबराशेजारी परतण्याची तारीख लिहिते आणि तिच्यापुढे ई-मेलचा पत्ता. तो वाचला जातो की नाही, हे मला सांगता येणार नाही.