बाळ नाही, मलाच टोचायचंय

बार्शीतल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात सगळ्यांच्या मांडीवर कुणी ना कुणी होतं. माझ्या मांडीवर पर्स. काउंटरवरच्या मुलीने वर न बघताच विचारलं, "बाळाचं नाव?"

"बाळ नाही. मलाच टोचायचंय."

आता तिने वर बघितलं. मग रजिस्टरात माझं नाव लिहिलं, 'वय (महिने)' या रकान्यात 31 लिहिलं, क्षणभर थांबून पुढे बारीक अक्षरात 'वर्षे' लिहिलं. शेजारची आजी नातवाला थोपटत म्हणाली, "कुत्रं चावलं काय गं?"

कुत्रं नव्हतं चावलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आता मूल होऊ द्यायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि त्याआधी एकदा दाखवून यावं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले होते. त्यांनी फॉलिक ॲसिड लिहिलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर लिहिली आणि खाली एक ओळ: रुबेला आयजीजी. रुबेला हा गोवरासारखं पुरळ उठवणारा आजार, आणि त्याच्याविरुद्धचं संरक्षण अंगात आहे का, हे बघणारी ही रक्ततपासणी. लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढ्याशाला कशाला, पूर्ण टॉर्चच करून घ्या, सगळेच करतात." टॉर्च म्हणजे रुबेलासकट चार-पाच संसर्गांच्या तपासण्यांचं अडीच हजारांचं गाठोडं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, लिहिलंय तेवढंच कर. ज्या तपासणीचा निकाल आल्यावर आपण काही करू शकतो तीच करायची. रुबेलावर लस आहे, म्हणून रुबेला.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. आकडा 4 च्या आसपास, त्या लॅबच्या हिशेबाने 10 च्या पुढे पॉझिटिव्ह. समोर लिहिलेलं: निगेटिव्ह. नवरा खूश! "निगेटिव्ह आलंय ना, मग झालं की." करोनाने आपल्या सगळ्यांची डोकी अशी वळवून ठेवलीत की निगेटिव्ह म्हटलं की पेढेच आणायचे. इथे उलटं आहे. आयजीजी म्हणजे पूर्वी कधीतरी झालेल्या आजाराची किंवा घेतलेल्या लसीची शरीराने ठेवलेली आठवण. ती माझ्याकडे नव्हती.

आईला फोन केला तर ती ऐकेचना. "तुला गोवर येऊन गेलाय. दुसरीत होतीस. आठ दिवस लिंबाच्या पाल्यात निजवली होती. आणि लससुद्धा दिलीय, कार्ड आहे माझ्याकडे." कार्डाचा फोटोही पाठवला. 1993 चं, घडीवर फाटलेलं. बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर. सगळ्यांपुढे तारखा. आईने काहीच चुकवलं नव्हतं. पण तेव्हाच्या सरकारी लसीकरणात गोवराची लस नुसती गोवराचीच होती. रुबेला त्यात नव्हताच. खाजगीत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस मिळायची, ती ज्यांना माहीत होती आणि परवडत होती त्यांनी घेतली. आणि दुसरीतलं ते पुरळ? गोवर असेल, आणखी काही असेल. अंगावर लाल पुरळ उठवणारे विषाणू कितीतरी आहेत, नुसतं बघून ओळखता येत नाहीत. शिवाय रुबेला होणाऱ्या कितीतरी जणांना पुरळ उठतही नाही. त्यामुळे 'मला होऊन गेलाय' आणि 'मला कधी झालाच नाही' ही दोन्ही वाक्यं सारखीच कुचकामी. आपल्याकडे रुबेलाला 'जर्मन गोवर' म्हणतात त्यानेही घोळ होतो. नाव गोवराचं, विषाणू वेगळा. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

मला खरं लागलं ते वेगळंच. 27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना एक टोचणी, पहिल्यांदा शाळांमधून. मी तेव्हा आमच्या संस्थेच्या शाळेत नवीन होते, पंचवीस वर्षांची. नवीन म्हणून सगळी कामं माझ्या गळ्यात. मुलांची रांग लावणं, उजव्या दंडात सुई गेली की डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करने खूण झाली का बघणं, अर्धा तास वर्गात बसवून ठेवणं, सुई बघूनच चक्कर आलेल्यांना पाणी पाजणं. व्हॉट्सॲपवर तेव्हा फिरत होतं की या लसीने पुढे मूल होत नाही. सहावीतल्या एका मुलीचे वडील मोबाइल घेऊन भांडायला आले, तर त्यांना व्हरांड्यात उभं करून मीच पंधरा मिनिटं समजावलं. म्हटलं, दादा, रुबेला पोरांना फारसं काही करत नाही. थोडा ताप, पुरळ, कानामागे गाठी, तीन-चार दिवसांत पोरगं खेळायला जातं. ही लस तिच्या पोटी पुढे जे बाळ येईल त्याच्यासाठी आहे. त्यांनी सही केली.

एवढं सगळं मला पाठ होतं, आणि त्या रांगेच्या शेजारी मी स्वतः बिनालसीची उभी होते. वय पंधराच्या पुढचं, म्हणून मोहिमेत बसत नव्हते. आमच्या वयाच्या मुलींसाठी वेगळी रांग कुणी लावलीच नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही, हे कबूल करते.

दुसऱ्या भेटीत मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक आडवी रेघ ओढली, तिचे चाळीस आठवडे केले आणि पहिल्या बारांवर पेन गिरवत बसल्या. या काळात आईला रुबेला झाला तर दहातल्या नऊपर्यंत गर्भांना त्याची झळ लागू शकते. गर्भपात, मृत बाळ, किंवा बाळ जगलं तर जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष. जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहणं हा त्यातला नेहमीचा. वीस आठवड्यांनंतर धोका अगदी कमी. पण पाळी चुकून, घरी टेस्ट करून, डॉक्टरकडे जाऊन रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या बारांतले किती उरतात? आणि तेव्हा निगेटिव्ह कळलं तरी लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची, अर्थात दुबळा केलेल्या. मग गर्दी टाळा, पुरळ आलेल्या मुलांपासून लांब राहा आणि बाळंतपणानंतर घ्या, एवढंच सांगता येतं. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत. लांब म्हणजे कुठे राहायचं, फळ्याच्या मागे?

हे कळलं कसं, त्याची गोष्ट मी नंतर वाचली. 1941 मध्ये सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे एकाएकी जन्मजात मोतीबिंदूची बाळं यायला लागली. सांगतात की बाहेर बसलेल्या आया आपापसात बोलत होत्या, मला दिवस गेले तेव्हा जर्मन गोवर झाला होता, अगं मलाही, आणि ते ग्रेगच्या कानावर पडलं. त्यांनी इतर डॉक्टरांकडची धरून 78 बाळांची माहिती जमवली. जवळजवळ सगळ्यांच्या आयांना गरोदरपणी, बहुतेकींना अगदी सुरुवातीला, रुबेला होऊन गेलेला. तोवर हा आजार किरकोळच समजला जायचा.

घरी सासूबाईंचा चेहरा उतरला. "मूल हवंय आणि सुई कसली घेतेस? एखादीचं होत नाही म्हणे त्याने." तोच 2018 चा व्हॉट्सॲप, सहा वर्षांनी आमच्या ओट्यापाशी. व्हरांड्यातलं सगळं भाषण मला येत होतं, पण सासूबाईंना 'दादा' म्हणून कसं चालेल? त्यांना मॅडमकडेच घेऊन गेले. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही."

मॅडमकडे लस नव्हती, म्हणून त्यांनी बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं. डॉक्टर बिचारे भिंतीवरच्या रंगीत हत्तीकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, शेवटची पाळी कधी आली?" दिवस गेलेले नाहीत ना, याची खात्री त्यांना करायचीच होती. मग लहानशी बाटली, तळाशी भुकटी, त्यात पाणी, हलवून दंडाच्या कातडीखाली. बाटलीवर पत्ता पुण्याचा. ही लस हडपसरला बनते, तिथून जगभर जाते, आणि बार्शीला माझ्यापर्यंत यायला तिला एकतीस वर्षं लागली.

एक डोस पुरे, आणि महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यासोबत शिकवणारी एक जण हे ऐकून घाबरली, तिने मागे लस घेतली आणि पंधरवड्यात कळलं होतं की दिवस गेलेत. तिलाही मॅडमनी हेच सांगितलेलं: महिना थांबायचं ते काळजी म्हणून, चुकून असं झालं तर गर्भपात करायचं काही कारण नाही. तिचा मुलगा आता बालवाडीत भिंती रंगवतो.

बाराव्या दिवशी सकाळी भाकरी थापताना बोटांची पेरं ठणकायला लागली. मोठ्या बायकांना या लसीनंतर सांधे दुखू शकतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी घाबरलेच. भाकरी एका बाजूला जाड झाली. चार दिवस पीठ नवऱ्याने मळलं आणि त्याच्या भाकरीचा आकार काय वर्णावा. मग दुखणं आपोआप गेलं.

दवाखान्यातून मला लसीकरणाचं कार्डही मिळालं होतं. वर अस्वल, खाली 'बाळाचे नाव', 'जन्मवेळचे वजन'. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला दाखवलं. तिने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, लोखंडी कपाटातून ती जुनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि 1993 च्या कार्डामागे हे सरकवून ठेवलं. म्हणाली, "वजन लिहायचं राहिलंय. दोन किलो नऊशे होतीस."