सायबाच्या फेस्ताला चालत, आणि कुमसाराची रांग

बांद्याहून ओल्ड गोवा पन्नासेक किलोमीटर. आम्ही दोन दिवसांत जातो. पहिला मुक्काम म्हापशाला, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघून पर्वरी, पणजी, रायबंदर. सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला, पण त्या दिवशी चेंगराचेंगरी असते. म्हणून २४ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या नोव्हेनातलाच, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांतलाच, एखादा दिवस आम्ही धरतो.

नवे बूट घालून येणारा दर वर्षी एक तरी असतोच, आणि धारगळ यायच्या आत तो लंगडायला लागतो. दोन महिने वापरलेले बूट, सुती मोज्यांचे तीन जोड, निघताना बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन. मोजा ओला झाला की लगेच बदलायचा; फोड उन्हाने नाही, ओल्या कापडाच्या घासण्याने येतो. आलाच तर फोडायचा नाही, वर पट्टी लावायची. अंधारात समोरून गाड्या येतात त्या बाजूने, म्हणजे उजव्या कडेने, एकामागे एक. पणजी-रायबंदरचा बांध १६३० च्या दशकातला, तीनेक किलोमीटर लांब आणि सावलीला झाड नाही. तो ऊन चढायच्या आत उरकावा.

एवढं चाललं की पाप फिटतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. पायपीट हे क्षमेचं भाडं नव्हे. क्षमा मिळते ती कुमसारात, म्हणजे पाद्रीपुढे आपली पापं कबूल करण्यात, आणि तो आपल्या गावच्या चर्चमध्येही असतो. चालण्याने होतं एवढंच, की मोबाइल खिशात राहतो आणि मनातलं वर येतं.

आणि ही क्षमा कितीही वेळा मागता येते, हे चर्चलाही एका दिवसात उमगलेलं नाही. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारलं होतं, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. तरी सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप झालं, तर जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे. ५८९ साली स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मपरिषदेने पाप केलं की दर वेळी पाद्रीकडे धावणाऱ्यांना चक्क खडसावलं. पुन्हापुन्हा, खाजगीत कुमसार करायची रीत युरोपभर नेली ती आयरिश मठवासीयांनी. पुढे १२१५ च्या, रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी कुमसार सक्तीचा केला. एके काळी दटावलेली गोष्ट अशी नियमात बसली.

रांगेत काय चुकतं ते सांगतो. लोक कहाणी सांगतात. सून अशी बोलली, शेजाऱ्याने बांध कोरला. म्हणजे कुमसार दुसऱ्याच्या पापांचा. सांगायचं ते आपलं, थोडक्यात: शेवटचा कुमसार कधी केला, मोठं पाप कोणतं, साधारण किती वेळा. ‘रागावलो’ नव्हे, ‘आईवर हात उगारला, दोनदा’. पाद्री प्रायश्चित्त देतो, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, मग तो हात पुढे करून म्हणतो, ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला तुझ्या पापांची क्षमा करतो.’ दोन-तीन मिनिटांचं काम. एखादं पाप खरोखर विसरलं तर तेही माफ होतं, पुढच्या खेपेला आठवलं की सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र सगळा कुमसारच फुकट.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती एकाच जागी: ‘गेल्या वर्षी हेच सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडाने सांगू?’ दारूचं, बहुतेकदा. पुन्हा करणार नाही हा निश्चय त्या घडीला खरा असला की पुरे. उद्या पडणारच नाही अशी हमी कुणी मागत नाही. पाद्रीलाही नवल वाटत नाही, तीच पापं तो सकाळपासून ऐकत असतो. आणि ऐकलेलं बाहेर फोडलं तर त्याला चर्चमधून बहिष्काराची शिक्षा असते.

एक साधी गोष्ट: कोमुन्यांव, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायच्या आधी तासभर काही खायचं नसतं, पाणी आणि औषध चालतं. भुकेने रांगेतच केळं सोलणारे नंतर घड्याळ बघत बसतात. प्रायश्चित्त म्हणून मिळालेल्या तीन ‘नमो मरिया’ तिथल्याच बाकावर म्हणून टाकाव्यात. ‘घरी जाऊन म्हणतो’ म्हटलं की राहतात.

मग बॉम जेझू चर्चमध्ये शिरायचं. सायबाचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे, मान मागे टाकून बघावी लागते आणि मागची रांग ढकलत असते. परतीला कुणी चालत नाही. पणजी स्टँडवरून बस, आणि सूज उतरेपर्यंत पायात चपला.