तुम्ही विचारलंत म्हणून: मुद्दाम हरण्यात शहाणपण आहे का?

पुण्याला गेलो की भाचा हमखास विचारतो, मामा, तुमच्या त्या एनबीएत, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, टीम मुद्दाम हरतात म्हणे, खरं का? मी फिलाडेल्फियाच्या जवळ राहतो आणि तिथल्या टीमचा, सिक्सर्सचा, फॅन आहे, मग मला नाही विचारणार तर कोणाला. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आयपीएल बघणाऱ्याला हे पटकन कळत नाही, कारण तिथे ऑक्शन, शेवटून पहिले आलात म्हणून खिशात कोणी जास्तीचे पैसे टाकत नाही. एनबीएत नवीन पोरं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे टीम्स नंबराने एकेक पोरगं निवडतात, आणि जितके खाली तितका आधी निवडायचा चान्स जास्त. त्यात बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण, एकटा माणूस अख्खी टीम फिरवू शकतो. 2003 ला क्लीव्हलँड 82 पैकी 17 मॅच जिंकले आणि ड्राफ्टमध्ये लेब्रॉन जेम्ससारखा सुपरस्टार घेऊन गेले. बरं, इंग्लंडच्या फुटबॉलसारखं शेवटच्या तिघांना खालच्या लीगमध्ये ढकलायची भानगडही नाही. म्हणजे हरलं तर शिक्षा काही नाही, वर बक्षीस. आवळा देऊन कोहळा काढायचा!

एक गैरसमज मात्र काढून टाका, कोर्टवरची पोरं मुद्दाम हरत नाहीत. दहा-दहा दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला मुलगा कशाला हरेल हो, त्याची नोकरी त्याच दहा दिवसांत ठरणार असते. हरायचा कारभार वर ऑफिसात चालतो. चांगले प्लेयर विकून टाकायचे, उरलेल्यांचा गुडघा अचानक दुखायला लागतो. 2023 ला डॅलसने सीझनच्या शेवटी हेच केलं, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जायची थोडी आशा शिल्लक असताना शिकागोविरुद्ध मेन प्लेयर बसवले, कारण पहिल्या दहात नंबर लागला नाही तर त्यांचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडायचा हक्क, न्यूयॉर्कला जाणार होता. लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला. पिक राहिला, त्यातून पुढे अदलाबदल करून डेरेक लाइव्हली हा नवीन प्लेयर मिळाला आणि 2024 ला ते फायनलला. आता सांगा, दंड महाग पडला का?

पण मग लॉटरी बघा, ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे तीच ठरवते. मशीनमध्ये 14 चेंडू, चार काढायचे, 1000 कॉम्बिनेशन टीम्समध्ये वाटलेली. आधी सगळ्यात वाईट टीमला 250 मिळायची, 2019 पासून खालच्या तिघांना प्रत्येकी 140. आणि चारच नंबर चिठ्ठीने निघतात, त्यामुळे शेवटून पहिली टीम पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकते, शक्यता जवळजवळ निम्मी. डेट्रॉइट 2023 ला घसरले, 2024 ला परत घसरले, मधल्या सीझनमध्ये सलग 28 मॅच हरूनसुद्धा. 2025 ला यूटाचं तेच. आणि पहिला नंबर कोणाला? डॅलसला! 1000 पैकी 18 कॉम्बिनेशन होती त्यांच्याकडे, त्यात ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता तो कूपर फ्लॅग मिळाला. एसटी स्टँडवर लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला आपण नावं ठेवतो, इथे सुटाबुटातली माणसं अख्खा सीझन लावतात.

आणि लीगमधला सुपरस्टार योकिच? 2014 च्या ड्राफ्टचा, 41 वा निवडलेला. तसाच सुपरस्टार यानिस, 15 वा. पारख असेल तर हरायची गरज काय.

माझं मत विचाराल तर टीम आधीच बुडालेली असेल तर एखादं वर्ष सोडून द्यावं, त्यात पाप नाही. पण त्याचं धोरण करू नये. आमच्याकडे सिक्सर्सची टीम चालवणाऱ्या सॅम हिंकीने 2013 पासून केलं, ‘प्रोसेस’ म्हणायचे त्याला, लोक मॅचमध्ये आरोळ्या ठोकायचे ‘ट्रस्ट द प्रोसेस’. एका सीझनला 19 विजय, मग 18, मग 10. ड्राफ्टमध्ये एम्बीड मिळाला हे खरं, 2023 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेयर, झाला, पण त्याच्यासोबत प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही.

1 डिसेंबर 2015. सिक्सर्स त्या सीझनच्या सगळ्या 18 मॅच हरलेले आणि समोर लॉस एंजेलिसची लेकर्स, त्यांचा सुपरस्टार कोबी ब्रायंटची फिलाडेल्फियातली शेवटची मॅच. कोबी इथलाच, लोअर मेरियनच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे अख्खं स्टेडियम त्याच्यासाठीच आलेलं, मी पण, नऊ वर्षांच्या पोराला घेऊन. आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. 103-91! आजूबाजूचे अनोळखी लोक मिठ्या मारायला लागले, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पार्किंगमध्ये थंडीने कुडकुडत गाडी शोधतोय तर पोरगं गप्प. म्हटलं काय रे, भूक लागली का. तर म्हणे, बाबा, जिंकलो म्हणजे आपला ड्राफ्टचा नंबर मागे गेला का?

नाही गेला. त्या सीझनला 72 हरलो आणि लॉटरीत पहिला नंबर आम्हालाच लागला, बेन सिमन्स. 2021 ला प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्धच्या सातव्या, निर्णायक मॅचमध्ये तो बास्केटच्या खाली जवळजवळ मोकळा उभा होता, नुसता डंक करायचा होता, म्हणजे उडी मारून चेंडू बास्केटमध्ये घालायचा, त्याने पास दिला आणि आम्ही हरलो. पोरगं तेव्हा 14 वर्षांचं. उठलं, जेवायचं ताट सिंकमध्ये ठेवलं आणि झोपायला गेलं.