ब्रेस्सोच्या फ्रिजवाल्याची मोटार

मोंझाजवळच्या त्या गावात चौकाकडे वळलो आणि मला एकदम पुण्यातलं आमचं अंगण आठवलं. टू-स्ट्रोक इंजिनाचा निळसर धूर, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा तो गोडसर, जळका वास. थंडीच्या दिवसांत बाबा रोज सकाळी बजाज तिरकी करून घ्यायचे, मग सातव्या-आठव्या किकला ती सुरू व्हायची आणि अंगणभर हाच वास पसरायचा. पुढे उभी मी, मागे आईच्या मांडीवर धाकटा भाऊ. नंबर लावून ती स्कूटर मिळेपर्यंत किती वर्षं गेली, हे माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको.

मिलानला भाच्याकडे तीन आठवडे राहायला गेले होते. रविवारी सकाळी तो म्हणाला, "मावशी, जुन्या गाड्यांचा रादूनो आहे, येतेस?" रादूनो म्हणजे मेळावा. चर्चसमोरच्या फरसबंद चौकात फियाट, लान्चिया, आल्फा रोमेओ अशा गाड्या घासूनपुसून ओळीनं लावलेल्या. वासाच्या मागे मागे गेले, तर कोपऱ्यात फिकट हिरव्या रंगाचं एक मोठं अंडं चाकांवर उभं होतं.

"ही बीएमडब्ल्यूची ना?" भाच्यानं विचारलं. शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेले आजोबा ताडकन उठले. "नो, नो. ईझो! ब्रेस्सो!" आणि त्यांनी गाडीचं नाक धरून उघडलं. खरंच, नाकच. ईझो कंपनीच्या या इझेत्ता मोटारीला दार बाजूला नसतं, तिचा अख्खा दर्शनी भाग दारासारखा उघडतो आणि त्याला जोडलेलं स्टिअरिंगही त्याच्याबरोबर वळून बाहेर येतं. आजोबांनी मला आत बसायची खूण केली. एकच सलग बाक, त्यावर दोन मोठी माणसं, मध्ये एखादं मूल. दार ओढून घेतल्यावर गुडघ्यांपुढे वीतभर जागा आणि चहूकडे काच. मी बराच वेळ उतरले नाही.

मागे जाऊन वाकून पाहिलं, तर मागची दोन चाकं एकमेकांपासून जेमतेम हातभर अंतरावर. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल बसवावा लागतो. चाकं इतकी जवळ आणली की त्याची गरजच उरत नाही, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. इंजिन २३६ सीसीचं. सिलिंडर दोन, पिस्टन दोन, पण वर जळण पेटण्याची जागा एकच. ताकद साडेनऊ हॉर्सपॉवर. गाडीची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे फुटपाथला नाक लावून आडवी उभी केली तरी चालते आणि उतरणारा माणूस थेट फुटपाथवर पाय ठेवतो.

घरी आल्यावर रात्री उशिरापर्यंत मी या कंपनीबद्दल वाचत बसले. तिची सुरुवात फ्रिजपासून झाली, हे कळल्यावर तर मला झोपच येईना. १९३९ मध्ये जेनोव्हाजवळ बोल्झानेतोला इझोथेर्मोस नावाची कंपनी निघाली. ती रेफ्रिजरेटर आणि घर गरम ठेवायची उपकरणं बनवायची. रेन्झो रिव्होल्ता या इंजिनिअर मालकानं १९४२ मध्ये ती मिलानच्या उत्तरेला ब्रेस्सो गावात आणली. युद्ध संपल्यावर लोकांना आधी गाडी हवी होती, फ्रिज नंतर. १९४८ पासून इझोथेर्मोसच्या, म्हणजेच ईझोच्या, स्कूटर आणि मोटरसायकली निघू लागल्या. त्या चांगल्या चालल्या, पण पावसात-थंडीत बायकामुलांना घेऊन स्कूटरवरून जाणारा माणूस रिव्होल्तांना दिसत होता. स्कूटरच्या खर्चात डोक्यावर छप्पर देता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. मला तर तो आमच्याच अंगणातून विचारल्यासारखा वाटला.

उत्तर काढलं एर्मेनेजिल्दो प्रेती या विमानांच्या इंजिनिअरनं. दोन स्कूटर शेजारी शेजारी ठेवल्या, वर फ्रिज ठेवला आणि इझेत्ता झाली, अशी दंतकथा सांगतात, आणि दार पाहून ती पटतेही. पण मला प्रेतींच्या आधीच्या कामात खरं उत्तर दिसतं. युद्धकाळात त्यांनी मालवाहू ग्लायडर तयार केलं होतं, आणि माल चढवण्यासाठी त्याचं नाकच बिजागरीवर उघडायचं! फ्रिजच्या कारखान्यात ग्लायडरचा माणूस आला आणि त्यातून ही मोटार जन्मली, असं मी मानते.

१९५३ मध्ये तोरिनोत इझेत्ता लोकांसमोर आली. पुढच्या वर्षी ईझोनं तिला चक्क मिल्ले मिल्या शर्यतीत उतरवलं. ब्रेशाहून निघून रोमचा वळसा घेऊन परत ब्रेशाला, सुमारे १६०० किलोमीटर. त्या साडेनऊ हॉर्सपॉवरनं ताशी ७० किलोमीटरच्या वर सरासरी राखली आणि कमी इंधन खाणाऱ्यांच्या यादीत पहिले तीन क्रमांक इझेत्तांनी घेतले.

तरी इटलीत ती फारशी खपली नाही. समोर फियाट होती. थोडे जास्त पैसे टाकले की चार दारांची नसली तरी 'खरी' मोटार मिळत होती, आणि १९५५ मध्ये फियाट ६०० आल्यावर तर विषयच संपला. मग रिव्होल्तांनी इझेत्ता बांधायचे हक्क बाहेर दिले. ब्राझीलमध्ये रोमी कंपनीनं १९५६ पासून ती बांधली. जर्मनीत बीएमडब्ल्यूनं परवान्याबरोबर साचेही घेतले आणि आपल्या मोटरसायकलचं इंजिन बसवलं. महागड्या मोठ्या गाड्यांमुळे बीएमडब्ल्यू तेव्हा तोट्यात होती. १९६२ पर्यंत तिथे १,६१,७२८ इझेत्ता तयार झाल्या. म्हणूनच आजोबा ताडकन उठले होते. नाव दुसऱ्याचं लागलं, याची खंत त्या माणसाला अजून आहे.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची 'मीरा' मला इथे फार आठवली. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली, पुन्हा पुन्हा सुधारली, आणि ती बाजारात कधी आली नाही. तिचा परवाना मागणारंही कोणी भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ब्रेस्सोला निघाले. जांभळ्या मेट्रोनं बिन्यामीपर्यंत, पुढे पार्को नोर्दमधून पायी. हे उद्यान जुन्या ब्रेदा कारखान्यांच्या परिसरात उभं राहिलंय आणि त्याला लागूनच छोटा विमानतळ आहे. दोन-चार माणसांची विमानं डोक्यावरून घरघरत उतरत होती. गावात कारखान्याची धडधड कधीच थांबली आहे. बेकरी, औषधाचं दुकान, बाल्कनीत वाळणारे कपडे.

याच गावातून १९६२ मध्ये ईझो रिव्होल्ता ३०० बाहेर पडली. चौघांची आलिशान, वेगवान मोटार. सांगाड्याचं काम जोत्तो बिझ्झारीनींचं, जे आधी फेरारीत होते. रूप बेर्तोने या मोटारींची रूपं घडवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या तरुण ज्युजारोंनी दिलं. इंजिन मात्र अमेरिकन, शेव्हरोलेचं ५.४ लिटरचं व्ही-८. इंग्लंडहून आलेल्या गॉर्डन-कीबल गाडीत हे इंजिन रिव्होल्तांनी पाहिलं होतं. इटालियन गाडीत अमेरिकन इंजिन म्हणून नाकं मुरडणारे आजही आहेत, पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. छोट्या कंपनीनं स्वतःचं इंजिन घडवायला घेतलं असतं तर त्यातच ती बुडाली असती. पुढच्या वर्षी ग्रीफो ही ईझोची स्पोर्ट्स मोटार आली. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत तिचा शर्यतीचा अवतार नववा आला आणि आपल्या गटात पहिला.

१९६६ मध्ये रेन्झो गेले. मुलगा पिएरो तेव्हा पंचविशीत. त्यानं चार दारांची फिदिया काढली, मग लेले काढली, हे बायकोचं लाडकं नाव. फ्रँक विल्यम्स यांच्या फॉर्म्युला वन संघालाही ईझोचं नाव लागलं. पण १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्या घेणारं कोणी उरलं नाही. १९७४ मध्ये दारं बंद. त्या बारा वर्षांतल्या सगळ्या मोठ्या गाड्या मिळून जेमतेम १,७०० भरतात.

एका कॉफीच्या दुकानाबाहेर बसून मी बाबांना फोटो पाठवले. ते ८४ वर्षांचे आहेत, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघतात. पाच मिनिटांत फोन आला. दाराबद्दल नाही, बीएमडब्ल्यूबद्दल नाही. "लिटरला ऑइल किती टाकतात गं?" मी त्या आजोबांना एवढंच विचारलं नव्हतं. भाच्याला लगेच मेसेज केला, पुढचा रादूनो कधी आहे?